उत्तरेकडची पट्टी

घर बांधताना माणूस देवघराचा विचार करतो, दिवाणखान्याचा करतो, जिना आतून असावा की बाहेरून यावर महिनोन्‌महिने वाद घालतो. परंतु घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा राहते तिचा विचार कोणीच करीत नाही. ती नुसती उरते. आमच्या वडिलांनी १९७१ साली पुण्यास घर बांधले तेव्हा उत्तरेच्या अंगाला अशी ४ फूट रुंद आणि २२ फूट लांब पट्टी उरली. पुढे वडिलांनीच खाऊन टाकलेल्या एका रायवळ आंब्याच्या कोयीने त्या पट्टीच्या टोकाशी मूळ धरले. कोय आपण टाकली एवढ्या पुण्याईवर त्यांनी त्या झाडाचे पितृत्व स्वीकारले आणि त्याला कोणास हात लावू दिला नाही. त्यांच्या पश्चात तर तो हात लावण्याचा प्रश्नच संपला. आज तो आंबा आमच्या गच्चीच्या वर गेला आहे, आणि पट्टीवर बारा महिने तेरा काळ त्याची छाया असते.

बाग करणारी माणसे उन्हाला भीत नाहीत. ओल्या सावलीलाही भीत नाहीत. तीत नेचे येतात, अळू येते. भय असते ते कोरड्या सावलीचे. सावली म्हटली की तेथे ओल असणारच, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती, आणि ती साफ चुकीची होती. आंब्याची सावली ही उदार यजमानाची नव्हे, सावकाराची सावली आहे. वरून तो ऊन अडवितो आणि खालून पाणी ओढतो. मे ते जुलै या काळात सूर्य पुण्याच्या डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकतो खरा, पण तेवढे ऊनही हा वरच्या वर झेलतो. पुण्याचा पाऊस मुळात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. त्यातला बराचसा पानांवरून घरंगळून झाडाच्या घेराबाहेर पडतो, आणि उरलेला आमच्या घराचे छज्जे अडवितात. भर श्रावणात त्या पट्टीतली माती बोटाने उकरावी तर दोन इंचांखाली ती भाजलेल्या रव्यासारखी कोरडी निघे.

या पट्टीत आम्ही जे जे लावले त्याची यादी देण्यात अर्थ नाही. मोगऱ्याने पाने टाकली, क्रोटनने रंग टाकला, आणि एका तगरीने तीन वर्षे जगत आहोत की नाही याचा संशय कायम ठेवून शेवटी तो आमच्या विरुद्ध निकालात काढला. गृहिणीचे म्हणणे असे, की तेथे फरशी घालावी आणि कपडे वाळत घालावेत. वाळणार कसे, हा प्रश्न आम्ही विचारला आणि विषय मिटला. असे आमचे त्या जागेशी जे वैर होते ते तसे निरुपद्रवी होते, आणि तसेच चालू राहिले असते; परंतु २०१८ च्या दिवाळीत आमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला तळमजल्यावरच्या उत्तरेकडील खोलीत आणावे लागले. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती नेमकी या पट्टीवर उघडणारी.

आई मूळची राजापूरकडची. पावसाने भिंती हिरव्या होणाऱ्या प्रदेशात तिचे बालपण गेले. तिने तक्रार अशी कधी केली नाही. एके दिवशी मात्र उशीला टेकून बाहेर पाहत ती म्हणाली, “अरे, ही भिंत आता मला तोंडपाठ झाली. समोर काहीतरी हिरवं असतं तर बरं होतं.”

तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या मनुष्याला संकटकाळी पुस्तकच आठवते. आम्हांला ऑर्वेलची १९३६ सालची कादंबरी आठवली, जिच्या नावातच ‘अ‍ॅस्पिडिस्ट्रा’ नावाचे रोप आहे. दक्षिण जपानच्या बेटांवरचे हे झाड एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या बैठकीत जाऊन बसले. गॅसच्या दिव्यांचा धूर, कोळशाची काजळी, काळोख आणि धनिणीची हयगय, हे सर्व सोसून ते हिरवे राही. म्हणून लोक त्यास ओतीव लोखंडाचे झाड म्हणत. कादंबरीचा नायक आपल्या भाड्याच्या खोलीतील असल्या रोपाचे पाणी तोडतो, त्याच्या पानांवर जळत्या सिगारेटी विझवितो, तरी ते मरत नाही; आणि अखेर संसाराला लागल्यावर तोच गृहस्थ हट्टाने तेच झाड विकत घ्यावयास निघतो. वर्गात हा भाग शिकविताना आम्ही मध्यमवर्गीय प्रतिष्ठेवर पुष्कळ बोललो होतो. ते झाड कसे दिसते हे मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते.

सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे रोपवाटिकांची जी रांग आहे तेथे आम्ही जाऊन चौकशी केली. एका रोपवाटिकेच्या मालकाने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, ऊन नाही, पाणी नाही, लक्ष द्यायला वेळ नाही, असंच ना?” वेळ भरपूर आहे असे आम्ही सांगितले. “मग जरा अवघड आहे,” तो म्हणाला. त्या वेळी आम्हांस हा विनोद वाटला. त्याने आमच्या पुढ्यात सहा कुंड्या ठेवल्या: तलवारीसारखी उभी, जाड पाने, हिरव्यावर गडद हिरवे आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना पिवळी किनार. “ही सासूची जीभ. मरत नाही.”

नाव ऐकून आमच्या सौभाग्यवती अवघडल्या. सासूच्या खिडकीपुढे सुनेने सासूच्या जिभा ओळीने लावाव्यात, हे शेजारी काय म्हणतील? घरी नाव सांगावयाचे नाही असे गाडीत ठरले. पण रोपे उतरवून घेणाऱ्या मुलाने ते मोठ्याने उच्चारलेच, आणि खिडकीतून आईचा आवाज आला, “सहाच आणल्यास होय गं? मला वाटलं, एक तरी तुझ्यासाठी ठेवशील.” त्या खोलीत हसण्याचा आवाज पुष्कळ दिवसांनी झाला.

आता आमच्या अपराधाकडे वळले पाहिजे. मरत नाही असे जे झाड, ते आम्ही मारले. एक नव्हे, सहापैकी चार, आणि तेही अवघ्या पाच महिन्यांत. त्यांना कोणतीही कमतरता पडू द्यावयाची नाही असा आमचा निश्चय होता. रोज सकाळी एक बादली पाणी. पंधरा दिवसांनी शेणखत. आणि माती मऊ हवी म्हणून खाली घातलेली काळी माती, जी एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही. पानांच्या मधोमध जो द्रोणासारखा खोलगट भाग असतो त्यातही आम्ही हौसेने पाणी ओतीत होतो. जून सरता सरता पाने बुंध्याशी पिवळी, मग तपकिरी, मग मऊ झाली. आम्हांला वाटले, पाणी कमी पडते आहे. आम्ही दोन बादल्या सुरू केल्या.

आईने ते ओळखले, आणि तेही नाकाने. तिचे नाक विलक्षण तीक्ष्ण होते; स्वयंपाकघरात दूध करपण्यापूर्वी ती माडीवरून हाक मारीत असे. “मूळ कुजलंय त्याचं. मला इथवर वास येतोय. अरे, त्याला जरा कोरडं राहू दे,” ती म्हणाली. आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, “आणि मलाही.” त्या दिवसांत आम्ही तिच्या उशाशी घंटी ठेवली होती, तासातासाचे वेळापत्रक भिंतीवर लावले होते, आणि आधाराची काठी तिने एकटीने हाती धरू नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी काठी परत आणली. वेळापत्रक मात्र आम्ही आणखी महिनाभर लावून ठेवले. प्राध्यापकाला वेळापत्रक उतरविणे जड जाते.

मग आम्ही त्या वनस्पतीविषयी वाचले, जे आधी करावयास हवे होते. हिचे मूळ घर पश्चिम आफ्रिका, नायजेरियापासून काँगोपर्यंतचा उष्ण प्रदेश. गंमत अशी की तिला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र बंगालमधील वनस्पतींवरील ग्रंथात. डेव्हिड प्रेन यांनी १९०३ च्या ‘बेंगॉल प्लान्ट्स’मध्ये तिला सान्सेव्हेरिया ट्रायफॅसिआटा म्हटले. अलीकडे, २०१७ साली, शास्त्रज्ञांनी तिला ड्रसीना या प्रजातीत घातले. तिचे मोठे कुल पाहावे तर त्यात आपली शतावरी आहे, पांढरी मुसळी आहे, आणि ज्याच्या शोधात आम्ही निघालो होतो तो अ‍ॅस्पिडिस्ट्राही आहे. हवे ते मिळाले नाही, पण त्याच्याच भाऊबंदांतले मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

हिच्या काटकपणाचे मर्म असे. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडतात. हवा आत येते, पण उन्हाच्या तावात आतले पाणी बाहेर जाते. ही वनस्पती दिवसा रंध्रे मिटून बसते. रात्री गारवा आला की ती उघडते, कर्बवायू आत घेते, आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते, आणि दिवसा दारे बंद करून त्या साठ्यावर आपले अन्न शिजविते. निवडुंग आणि अननस यांचीही रीत हीच. शिवाय जाड पानांत पाणी असते आणि जमिनीखाली आल्यासारखे आडवे खोड असते. ज्याने काटकसरीलाच स्वभाव केले आहे त्याच्या दारात आम्ही रोज बादली ओतीत होतो.

एका संस्कृतच्या स्नेह्यांनी तर आमची भीडच मोडली. ते म्हणाले, “परदेशी कसली? ही मूर्वा!” क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेची असावी असे मनुस्मृतीत आहे, आणि धनुष्याच्या दोरीला जो मौर्वी हा शब्द, जो ‘रघुवंशा’च्या पहिल्याच सर्गात येतो, तो या मूर्वेवरूनच. या वादात आम्ही पडू इच्छीत नाही. पण एवढे खरे की याच गोतातली एक जात, रॉक्सबर्गच्या नावाने ओळखली जाणारी, आपल्या देशात आपसूक वाढते, तिच्या पानांतून चिवट धागा निघतो, आणि पुष्कळांच्या मते मूर्वा ती हीच. आपल्याकडचे काही वैद्य मात्र मोरवेलीला मूर्वा मानतात. काही असो, चार झाडे कुजविल्यानंतर ती धनुष्याच्या दोरीच्या घराण्यातली होती असे कळणे, हे दुःखावर डाग देण्यासारखे होते.

उरलेली दोन झाडे आम्ही उपटून काढली, कुजलेला भाग चाकूने कापला, चार दिवस ओसरीवर पडू दिली, आणि मग नव्या मातीत बसविली. माती कसली, तो राडारोडाच: निम्मा मुरूम, त्यात विटांचे बारीक तुकडे, थोडी वाळू, आणि आंब्याचाच कुजलेला पालापाचोळा. आंब्याच्या मोठ्या मुळांना हात लावला नाही. त्यांच्या मधल्या मोकळ्या कप्प्यांत वीतभर खोल खड्डे घेतले. पाणी उन्हाळ्यात वीस दिवसांनी एक तांब्या, तेही मुळाशी, पानांच्या पोटात नव्हे. पावसाळ्यात मुळीच नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसावयाची, एवढेच कौतुक. पाने पोटात गेली तर कुत्र्यामांजरांना ओकाऱ्या होतात, म्हणून शेजारच्या मांजरासाठी पट्टीच्या तोंडाशी जाळी लावली. मांजराने ती मानली नाही, पण झाडालाही तोंड लावले नाही.

झाडे वाढवावयाची तर एका पानाचे तीन तुकडे करून वाळूत खोचले तरी चालते, असे वाचून आम्ही तेही केले. तुकड्यांना मुळे फुटली, पिलेही आली. पण पिलांच्या कडेची पिवळी किनार नाहीशी झालेली. ती किनार पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाही. ती हवी तर जमिनीखालच्या खोडाची वाटणी करावी लागते, म्हणजे आईपासून पिलू मुळासकट वेगळे करावे लागते. आईला ही साधी हिरवी पिलेच अधिक आवडली. “किनारीची सहावार नेसून रोज कोण बसतं?” ती म्हणे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सारे घरातच होतो. त्या वर्षी पट्टीत वीसेक झाडे झाली आणि भिंत कमरेपर्यंत झाकली गेली. सावलीत ती फार हळू वाढतात, वर्षाला दोन-तीन पाने; परंतु आईला घाई नव्हती. नवे पान सुरळीसारखे वर येऊ लागले की ती बोटाने हवेत त्याची उंची मोजी.

(रोपे विकणारे आता हिला हवा शुद्ध करणारी म्हणून खपवितात. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने बंद पेटीत काही झाडांवर प्रयोग केले, त्यांत हीही होती, त्याचा हा आधार. परंतु २०१९ च्या एका परीक्षणाने दाखवून दिले की खिडक्यांतून हवा खेळते तेवढे काम झाडांकडून व्हावयाचे तर खोलीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील. इतक्या झाडांत मनुष्य कोठे बसणार, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.)

आता जे सांगावयाचे ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख हाती घेतला. २०२१ च्या चैत्रात आई सकाळी म्हणाली, “रात्री काय फुललं होतं रे? केवढा वास सुटला होता.” फुलण्यासारखे काहीच नव्हते. आंब्याचा मोहोर केव्हाच झडला होता. शेजाऱ्यांची रातराणी गेल्या वर्षी त्यांनी तोडली होती. आम्ही तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले नाही, ती म्हणाली, “कालही होता.” तिचे वय तेव्हा ८४. आम्ही आणि सौभाग्यवतींनी एकमेकांकडे पाहिले, आणि ते पाहणे तिने पाहिले. तिला तपासावयास येणाऱ्या डॉक्टरांना आम्ही फोन केला. ते म्हणाले, उतारवयात असे भास होतात, नसलेले वास येतात. चिंता नको, रात्री शांत झोप लागेल अशी एक गोळी द्या. गोळी आणली. ती कशाची, असे आईने विचारले. “झोपेची,” आम्ही म्हणालो. ते खोटे नव्हते. तिने पाण्याच्या एका घोटासरशी ती घेतली.

त्या रात्री परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता बारा वाजून गेले. खिडकी लावण्यासाठी आम्ही आईच्या खोलीत गेलो, आणि उंबरठ्यावरच थबकलो. दाट, गोड, किंचित मधासारखा वास खोलीभर कोंदला होता. विजेरी घेऊन मागल्या दाराने पट्टीत गेलो. खिडकीच्या अगदी खाली, पानांच्या दाटीत, हातभर लांबीचा एक तुरा बुंध्यापासून उभा राहिला होता, आणि त्यावर हिरवट पांढरी, बारीक पाकळ्या मागे वळविलेली फुले झुबक्याझुबक्यांनी उमलली होती. देठादेठावर मधाचे चिकट थेंब विजेरीच्या उजेडात चमकत होते. हे झाड फुलते, तेही रात्री, आणि त्याला असा वास असतो, हे आम्ही वाचलेल्या कशातच आमच्या नजरेस पडले नव्हते. किंवा पडले असेल, आणि पानांसाठी लावलेल्या झाडाच्या फुलाकडे आम्ही लक्ष दिले नसेल.

आत येऊन तिला उठवावे असे वाटले. हाकही मारली. पण गोळीचा अंमल पूर्ण होता.

सकाळी आम्ही तिला सर्व सांगितले. फुले मिटली होती, वासाचा मागमूस नव्हता; हात धरून तिला खिडकीशी उभी केली तेव्हा तिला दिसली ती सुतळीसारखी लोंबणारी मलूल फुले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून तिने एवढेच विचारले, “मग त्या गोळीचं काय?”

गोळी बंद केली. डॉक्टरांना कळविले, ते “असं का?” म्हणाले. पुढे चार रात्री तुरा फुलत राहिला, आणि त्या चारही रात्री आईची खाट खिडकीला लावून आम्ही दिवा मालवून बसलो. तिसऱ्या रात्री तिने सौभाग्यवतींना बोलावून आपल्या शेजारी बसवून घेतले आणि म्हणाली, “घे, सासूच्या जिभेचा वास घे. सगळ्यांच्या नशिबी नसतो.” क्षमा मागावी असे आमच्या मनात त्या दिवसांत अनेकदा आले. मागितली नाही. मागितली असती तर तिने ती विषय बदलून दिली असती, हे ठाऊक होते; आणि ठाऊक होते म्हणूनच बहुधा मागितली नाही.

आई २०२२ च्या आषाढात गेली. खोली आता आमची लिहिण्याची आहे. या वनस्पतीचा जो कोंब एकदा फुलतो त्याला पुन्हा नवे पान येत नाही. मात्र असलेली पाने वर्षानुवर्षे उभी असतात आणि बाजूने नवे कोंब निघतात. खिडकीखालच्या त्या कोंबाची चार पाने अजून तशीच हिरवी आहेत. पट्टी पुरती भरली आहे, आणि आलेगेले लोक पिले मागून नेतात. त्यांना आम्ही पाण्याविषयी बजावून सांगतो. ते मान डोलावतात, आणि दोन महिन्यांनी कुजलेल्या मुळांची हकीगत घेऊन परत येतात. त्यांना दुसरे पिलू देतो.

२०२४ च्या चैत्रात शेजारच्या एका कोंबाला तुरा आला. त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत दिवा न लावता आईच्या खाटेवर बसलो होतो. सकाळी पाहतो तो खिडकीखालच्या फरशीवर मधाचे थेंब पडले होते आणि मुंग्यांची रांग लागली होती. कामाच्या बाई केरसुणी घेऊन आल्या. सौभाग्यवतींनी ती रांग झाडू दिली नाही.